शेजारधर्म आणि खडीची खाण

तुम्ही ज्या शाळेत बसून हा धडा वाचत आहात, तिच्या पायात खडी आहे. ज्या रस्त्याने तुम्ही शाळेत आलात, त्याच्या डांबराखालीही खडी आहे. आगगाडीचे रूळ जागच्या जागी राहतात तेही खडीच्याच आधारावर. रुळांखाली पसरलेली खडी गाडीचा भार जमिनीवर सारखा वाटून देते आणि पावसाचे पाणी साचू देत नाही. सातारा जिल्ह्यातील कोयना धरणाची १०३ मीटर उंचीची भिंत दगड आणि काँक्रीट यांचीच आहे. भिंतीला गिलावा झाला, रस्त्यावर डांबर पसरले, की खडी नजरेआड होते. मग तिची आठवण कोणी काढत नाही. पण तिच्यावाचून आपले एकही मोठे बांधकाम उभे राहत नाही.

ही खडी येते कोठून? ती डोंगरांच्या पोटातून येते. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीला भेगा पडल्या आणि त्यांतून तप्त शिलारस वर आला. तो थंड झाला. त्यावर पुन्हा नवा थर पसरला. असे थरावर थर साचून महाराष्ट्राचा फार मोठा भाग काळ्या पाषाणाने झाकला गेला. या पाषाणाला शास्त्रज्ञ बेसाल्ट म्हणतात. सह्याद्रीचे कडे, गडांचे तट, अजिंठा-वेरूळची लेणी ही सारी याच दगडाची. हा दगड टणक आणि भार सोसणारा असल्यामुळे त्याची खडी उत्तम होते.

पूर्वी खडी हाताने फोडीत. घण, छिन्नी, पहार आणि सुतकी एवढ्या हत्यारांच्या बळावर वडार समाजातील कष्टाळू स्त्रीपुरुषांनी पिढ्यान्‌पिढ्या दगड फोडला. आपले जुने रस्ते, पूल आणि धरणे यांत त्यांचा घाम मुरलेला आहे. आज बरेचसे काम यंत्रे करतात. प्रथम वरची माती आणि मुरूम बाजूला काढतात. मग खडकात खोल भोके पाडतात, त्यांत स्फोटक द्रव्य भरतात आणि सुरुंग उडवतात. फुटलेला दगड यंत्रात घालून भरडतात. या यंत्राला लोक क्रशर म्हणतात. भरडलेला दगड निरनिराळ्या चाळण्यांतून जातो. मोठी खडी, बारीक खडी आणि कच असे त्याचे वेगवेगळे ढीग पडतात. ढीग मालमोटारींत भरले जातात आणि गावोगावी जातात.

आता तुम्ही विचाराल, हे सारे दूर रानात का करीत नाहीत? माणसांच्या वस्तीजवळ खाण कशाला हवी? याचे उत्तर खडीच्या स्वभावातच आहे. खडी जड असते आणि स्वस्त असते. सोने शंभर कोसांवरून आणले तरी परवडते, कारण मूठभर सोन्याचे मोल मोठे. खडीचे तसे नाही. ती फार दूरवरून आणली, तर खडीच्या किमतीपेक्षा वाहतुकीचा खर्चच जास्त होतो. म्हणून जेथे बांधकाम चालते तेथून जवळच खाण निघते. त्यातून शहर वाढले, की ते आपल्याच खाणींच्या दिशेने सरकू लागते. पुण्याजवळच्या वाघोलीचे उदाहरण पाहा. या परिसरातील दगडखाणींनी पुण्याच्या इमारतींना दगड आणि खडी पुरवली. शहर वाढत वाढत तेथवर पोचले आणि २०२१ साली वाघोली गाव पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत आले. कधी खाण घरांजवळ जाते, कधी घरे खाणीजवळ येतात. काहीही झाले तरी दोघे एकमेकांचे शेजारी होतात.

शेजारी झाले, की शेजारधर्म आला. शेजारधर्म म्हणजे नुसते सणासुदीला फराळाचे ताट पाठवणे नव्हे. आपल्या अंगणात आपण जे करतो त्याचा त्रास पलीकडच्या अंगणात किती पोचतो, याची जाणीव ठेवणे आणि पलीकडून हाक आली तर तिला नीट उत्तर देणे, हा खरा शेजारधर्म. लहान खाण मोठी करावयाची वेळ येते तेव्हा या धर्माची खरी परीक्षा होते. खाणमालक म्हणतो, “मागणी वाढली आहे, मला आणखी जमीन खणावयाची आहे.” शेजारी म्हणतात, “आहे तोच त्रास सोसवत नाही. त्यात आणखी भर कशाला?” दोघांचेही म्हणणे खरे असते. मग निवाडा व्हावयाचा कसा?

कायद्याच्या भाषेत इमारती दगड, खडी, साधी वाळू आणि साधी माती यांना ‘गौण खनिजे’ म्हणतात. १९५७ च्या खाणविषयक कायद्यात हे वर्गीकरण आहे. गौण म्हणजे दुय्यम. परंतु ज्याच्या घराशेजारी हे खनिज निघते त्याच्या आयुष्यात ते मुळीच दुय्यम नसते. पुष्कळ वर्षे लहान खाणींच्या पर्यावरणावरील परिणामांकडे पुरेसे लक्ष दिले गेले नाही. २७ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात बजावले, की पाच हेक्टरांहून लहान क्षेत्रातील गौण खनिजांच्या खाणींनाही पर्यावरणविषयक मंजुरी घ्यावी लागेल.

या मंजुरीची रीत केंद्र शासनाच्या १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेत सांगितली आहे. मोठ्या क्षेत्राच्या खाणीसाठी तीत जनसुनावणीची तरतूद आहे. जनसुनावणी म्हणजे लोकांचे म्हणणे लोकांसमोर ऐकून घेणे. ती खाणीच्या जागी किंवा तिच्या अगदी जवळ व्हावी लागते. राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ ती भरवते. जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकारी दर्जाहून कमी नसलेला अधिकारी अध्यक्षस्थानी असतो. तिची जाहिरात वर्तमानपत्रांत द्यावी लागते आणि लोकांना विचार करण्यासाठी निदान तीस दिवसांचा अवधी मिळावा लागतो. खाणीचे परिणाम सांगणाऱ्या अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही उपलब्ध करून द्यावा लागतो. सभेला अमुक इतकी माणसे आलीच पाहिजेत, अशी अट नसते. एकटा माणूस आला, तरी त्याचे म्हणणे नोंदवले जाते. सभा संपण्यापूर्वी झालेल्या चर्चेचा गोषवारा लोकांना त्यांच्याच भाषेत वाचून दाखवला जातो.

अशी एक सभा आपल्या डोळ्यांपुढे आणू या. गाव कोणतेही समजा. मारुतीच्या देवळापुढे मांडव घातला आहे. अध्यक्ष बसले आहेत, एका बाजूला खाणमालक आहेत, समोर गावकरी आहेत. खाणमालक उभे राहून नमस्कार करतात आणि म्हणतात, “ग्रामस्थहो, आपण काही काळजी करू नका. सर्व काही नीट होईल.”

वाक्य गोड आहे. पण त्याने कोणाचे समाधान झाले? या वाक्यात एक मोठा दोष आहे. ते पाळले गेले की नाही, हे पुढे कोणालाही ठरवता येणार नाही. ‘नीट’ म्हणजे किती नीट? ते कोणी पाहावयाचे? केव्हा पाहावयाचे? ज्या वचनाला माप नाही, ते वचन हवेत विरते. म्हणून मुलांनो, पुढे जी प्रश्नोत्तरे होतील त्यांत एकच गोष्ट शोधा: कोणत्या उत्तराला माप आहे आणि कोणत्या उत्तराला नाही.

पहिली हाक येते एका आजीबाईंची. “मालक, वाळत घातलेल्या कुरडयांवर धूळ बसते. घरात नातू रात्रभर खोकतो. खाण वाढली की धूळही वाढणार. आम्ही श्वास तरी कोठे घ्यावा?”

“आजी, खेड्यात धूळ असावयाचीच,” असे म्हणून हा प्रश्न उडवून लावता येतो. पण शहाणा मालक तसे करणार नाही. तो म्हणेल, “आजी, क्रशर चारी बाजूंनी पत्र्याने झाकून घेईन. दगड भरडताना त्यावर पाण्याचे फवारे चालू ठेवीन. खडकात भोके पाडतानाही पाण्याचा वापर करीन. खाणीपासून मुख्य रस्त्यापर्यंतची वाट पक्की करीन. गावाच्या बाजूला झाडांची दाट रांग लावीन. आणि तुमच्या वस्तीत हवा मोजण्याचे यंत्र ठेवून आलेले आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावीन.” २००९ साली आपल्या देशात हवेची जी मानके ठरवण्यात आली, त्यांनुसार दहा मायक्रोमीटर किंवा त्याहून बारीक धूळ एका घनमीटर हवेत चोवीस तासांच्या सरासरीने १०० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावी. हे धुळीचे कण केसाच्या जाडीहूनही पुष्कळ बारीक असतात आणि श्वासाबरोबर आत जातात. फळ्यावर आकडा लागला, की आजींच्या तक्रारीला आणि मालकांच्या वचनाला एकच तराजू मिळतो.

दुसरे उठतात एक शेतकरी. “साहेब, दुपारी सुरुंग उडाला की भांडी खणखणतात. माझ्या घराच्या भिंतीला तडा गेला आहे. परवा दगडाचा एक तुकडा माझ्या शेतात येऊन पडला. उद्या तो माणसाच्या डोक्यात पडला तर?”

येथे दोन तक्रारी आहेत आणि त्या वेगळ्या करून पाहिल्या पाहिजेत. दगड उडतो तो बहुधा सुरुंग नीट न भरल्यामुळे किंवा खडकाची जात न ओळखल्यामुळे. भोकाचे तोंड योग्य सामग्रीने घट्ट ठासले, दारू बेताची भरली आणि भोके योग्य अंतरावर घेतली, तर हा धोका पुष्कळ कमी होतो. तरीही सुरुंगाची वेळ ठरलेली असावी, ती गावाला माहीत असावी; भोंगा वाजावा, वाटांवर लाल निशाणे घेऊन माणसे उभी राहावीत आणि धोक्याच्या क्षेत्रात कोणीही नसताना सुरुंग उडावा. सुरुंगाची वेळ शाळा भरण्याची किंवा सुटण्याची नसावी, हे सांगावयासच नको.

हादऱ्याचे माप वेगळे. सुरुंग उडाला, की जमीन थरथरते; त्या थरथरीचा वेग यंत्राने मोजता येतो. खाण सुरक्षा महानिदेशालयाने १९९७ साली लोकांच्या राहत्या घरांसाठी या वेगाची मर्यादा सांगितली. कंपनांच्या प्रकाराप्रमाणे ती सेकंदाला ५ ते १५ मिलिमीटर एवढी आहे. सगळी भोके एकाच क्षणी न उडवता सेकंदाच्या अगदी लहान अंशाने मागेपुढे उडवली, तर हादरा पुष्कळ कमी होतो.

पण भिंतीचा तडा सुरुंगानेच गेला कशावरून? काळ्या मातीवरील घरांना उन्हाळ्यात जमीन आक्रसल्यामुळेही तडे जातात. येथे मालकाने “तडा जुनाच आहे” म्हणणे आणि शेतकऱ्याने “तडा सुरुंगाचाच आहे” म्हणणे, दोन्ही सारखेच निरुपयोगी. यावर एक साधा उपाय आहे. खाण वाढवण्यापूर्वीच आसपासच्या प्रत्येक घराची पाहणी करून, असलेल्या तड्यांची तारखेसह छायाचित्रे घ्यावीत आणि त्यांची एक प्रत घरमालकाला द्यावी. तड्यावर काचेची पातळ पट्टी आडवी घट्ट चिकटवून ठेवावी. तडा रुंदावला, की काच फुटते. ती मालकाची बाजू घेत नाही आणि शेतकऱ्याचीही घेत नाही. ती कोणत्या दिवशी फुटली ते सुरुंगाच्या नोंदवहीशी ताडून पाहावे, म्हणजे वाद पुष्कळसा मिटतो.

तिसरा प्रश्न पाण्याचा. एक बाई म्हणतात, “आमची विहीर पूर्वी वैशाखापर्यंत पुरायची. खाण खोल गेली तसे पाणीही खोल गेले.”

काळ्या पाषाणात पाणी सर्वत्र सारखे नसते. ते भेगांत, फटींत आणि सच्छिद्र थरांत असते. खाण खणता खणता असा पाण्याचा थर लागला आणि खाण कोरडी ठेवण्यासाठी पंपाने पाणी उपसू लागले, तर शेजारच्या विहिरीचे पाणी ओढले जाऊ शकते. मात्र ज्या वर्षी पाऊस कमी, त्या वर्षीही विहिरी आटतात. मग खरे कारण कसे कळावे? नोंद असेल तरच कळेल. दोरीला वजन बांधून विहिरीच्या काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर दरमहा मोजावे आणि तारखेसह लिहून ठेवावे. खाणीजवळच्या विहिरी आणि खाणीपासून दूरच्या विहिरी, दोन्हींची नोंद ठेवावी. पाऊस दोन्हींवर सारखाच पडतो. दूरच्या विहिरी टिकल्या आणि जवळच्याच आटल्या, तर बोट कोठे दाखवावे हे कळू लागते. मालकाने म्हणावे, “खाणीमुळे पाणी गेले असे तज्ज्ञांच्या पाहणीत दिसले, तर उपसा थांबवीन आणि तोवर तुमच्या घरी पाणी पोचवीन.” असे उत्तर लिहून घेता येते.

चौथा प्रश्न विचारतात शाळेच्या मुख्याध्यापिका. “शाळेच्या रस्त्यावरून मालमोटारी भरधाव जातात. मुले जीव मुठीत धरून चालतात. खाण वाढल्यावर रोज किती गाड्या जातील, हे आम्हांस सांगाल काय?” हा प्रश्न किती नेमका आहे पाहा! ‘फार गाड्या जातात’ असे त्या म्हणत नाहीत. त्या आकडा मागतात. उत्तरही तसेच हवे. रोज इतक्या गाड्या, इतक्याच वेगाने. शाळा भरताना आणि सुटताना एकही नाही. प्रत्येक गाडीवर ताडपत्री. ठरलेल्या वजनापेक्षा जास्त भार नाही. आणि रस्ता उखडला तर दुरुस्ती कोणाच्या खर्चाने, हेही ठरलेले.

एवढ्यात मागून एक तरुण उठतो. तो याच गावचा. खाणीवर मालमोटार चालवतो. तो म्हणतो, “सगळे खाणीला नावे ठेवता, पण माझ्या घरची चूल खाणीवर पेटते. खाण बंद झाली, तर आम्ही कोठे जावे?” मांडवात क्षणभर शांतता पसरते. मुलांनो, या तरुणाचे म्हणणेही शेजाऱ्याचेच म्हणणे आहे. त्यालाही उत्तर मिळाले पाहिजे. आणखी एक गोष्ट त्याच्याच जोडीने ध्यानात धरा. धूळ आजीबाईंच्या घरापर्यंत पोचण्यापूर्वी ती खाणकामगाराच्या छातीत गेलेली असते. ज्या दगडात गारेचा अंश जास्त असतो त्याची बारीक धूळ वर्षानुवर्षे फुफ्फुसांत साचली, तर सिलिकोसिस नावाचा रोग जडतो. तो बरा होत नाही. आपल्या काळ्या पाषाणात गारेचा अंश फार थोडा असतो हे खरे. परंतु कोणत्याही दगडाची धूळ रोज छातीत घेणे चांगले नव्हेच. म्हणून पाण्याचे फवारे, तोंडावर घालावयाची योग्य जाळी आणि कामगारांची नियमित वैद्यकीय तपासणी, यांत गावाचे आणि कामगाराचे हित एकच आहे. खाण सुरक्षित करा असे म्हणणारा गावकरी कामगाराचा वैरी नसतो.

शेवटचा प्रश्न एका मुलीने विचारावा, असे मला वाटते. “दगड संपल्यावर त्या खड्ड्याचे काय होणार?” मोठी माणसे पुष्कळदा आजचा विचार करतात, मुलांना मात्र त्या गावात पुढची साठ-सत्तर वर्षे काढावयाची असतात. सोडून दिलेल्या खाणीत पावसाचे पाणी साचते. वरून ते शांत, हिरवट तळ्यासारखे दिसते. पण काठ सरळ तुटलेले आणि तळ खोल असतो. अशा पाण्यात पोहावयास गेलेली मुले बुडाल्याच्या दुःखद बातम्या आपण ऐकतो. तुम्ही अशा ठिकाणी कधीही उतरू नका. खड्ड्याला भक्कम कुंपण घालणे, उभे कडे पायऱ्यापायऱ्यांनी उतरते करणे, बाजूला काढून ठेवलेली माती पुन्हा पसरून झाडे लावणे, किंवा योग्य जागी त्याचा सुरक्षित तलाव करणे, हे काम खाण संपल्यावर आठवून चालत नाही. ते खाण सुरू करतानाच लिहून ठेवावे लागते आणि त्यासाठी पैसाही आधीच राखून ठेवावा लागतो.

येथे कोणी म्हणेल, एवढी सारी उत्तरे मिळाली, मग खाण वाढवण्यास हरकत कोणती? थांबा. प्रत्येक तक्रारीला उत्तर असतेच असे नाही. मुंबईत अंधेरी येथे गिल्बर्ट टेकडी आहे. काळ्या पाषाणाचे उभे उभे खांब एकमेकांना चिकटून ती बनली आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांची ही टेकडी साठेक मीटर उंच आहे. निसर्गाचे असे शिल्प जगात फार थोड्या ठिकाणी आढळते.  तरीही तिच्या सभोवतालचा दगड लोकांनी खणून नेला आणि आज ती इमारतींच्या गर्दीत एकाकी उभी आहे. झाड तोडले तर दुसरे लावता येते. रस्ता उखडला तर पुन्हा करता येतो. डोंगर पुन्हा उगवत नाही. म्हणून जेथे गावाचा झरा, पुरातन लेणे, दाट वन किंवा अगदी लागून असलेली वस्ती आहे, तेथे कधी कधी ‘येथे खाण नको’ हेच योग्य उत्तर असते. जनसुनावणी म्हणजे मतदान नव्हे. तेथे हात वर करून निर्णय होत नाही. परंतु तेथे मांडलेल्या प्रत्येक आक्षेपावर मालकाला आपले म्हणणे द्यावे लागते आणि मंजुरी देताना तज्ज्ञांना त्या आक्षेपांचा विचार करावा लागतो. मंजुरी अटींवर मिळू शकते. ती नाकारलीही जाऊ शकते.

आणि मंजुरी मिळाली, म्हणजे शेजाऱ्यांचे काम संपले असे समजू नका. कागदावरच्या अटी आपोआप पाळल्या जात नाहीत. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे अटी पाळल्याचा अहवाल दर सहा महिन्यांनी द्यावा लागतो आणि तो लोकांना पाहण्यास खुला असतो. पण तो पाहणारे डोळे हवेत. ग्रामपंचायतीत एक नोंदवही असावी. तीत सुरुंगाची वेळ, धुळीचे आकडे, विहिरींची पातळी आणि आलेली प्रत्येक तक्रार लिहिली जावी. महिन्यातून एकदा गावकरी, कामगार आणि मालक यांनी एकत्र बसून ती वाचावी. तक्रार करणाऱ्यांनीही एक पथ्य पाळले पाहिजे. ‘फार त्रास होतो’ असे म्हणू नये. काय झाले, कोठे झाले, कोणत्या दिवशी आणि किती वाजता झाले, ते लिहावे. न घडलेले घडले म्हणून सांगू नये. एक खोटी तक्रार दहा खऱ्या तक्रारींचे वजन घालवते.

भांडण करणे सोपे असते आणि गप्प बसणे त्याहून सोपे असते. भांडणाने मने दुरावतात. गप्प बसण्याने अन्याय वाढतो. या दोहोंहून अवघड आणि दोहोंहून मोलाचा असा तिसरा मार्ग आहे. आपले म्हणणे नेमके मांडावे, दुसऱ्याचे म्हणणे पुरते ऐकावे, आणि दिलेला शब्द मोजता येईल अशा रीतीने लिहून घ्यावा. खाणमालकाला हे कळले, तर शेजाऱ्याची तक्रार त्याला अडथळा वाटणार नाही. आपली चूक वेळीच दाखवणारा तो हितकर्ता वाटेल. शेजाऱ्यांना हे कळले, तर आपल्याही घराच्या पायात खडी आहे आणि ती कोणत्यातरी गावच्या डोंगरातून, कोणाच्यातरी अंगणाशेजारून आली आहे, याचा त्यांना विसर पडणार नाही.

स्वाध्याय

१. खडीची खाण वस्तीपासून फार दूर का नसते? धड्यातील कारण तुमच्या शब्दांत सांगा.

२. “सर्व काही नीट होईल” या उत्तरात लेखकाला कोणता दोष दिसतो?

३. भिंतीच्या तड्यावर काचेची पट्टी का चिकटवतात? तिला दोघांनीही का मानावे?

४. मालमोटार चालवणाऱ्या तरुणाचे आणि आजीबाईंचे हित कोठे एक होते ते लिहा.

५. पुढील शब्दप्रयोगांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा: नजरेआड होणे, जीव मुठीत धरणे, हवेत विरणे, नावे ठेवणे.

६. पुढील तक्रार नेमक्या शब्दांत पुन्हा लिहा: “आमच्या गल्लीत फार गोंगाट असतो.”

७. तुमच्या घराजवळच्या किंवा शाळेजवळच्या एका विहिरीची पाण्याची पातळी मोठ्या माणसांच्या सोबतीने व मदतीने वर्षभर दरमहा मोजून नोंदवा. वर्षाच्या शेवटी ती नोंद वर्गात वाचून दाखवा.